सीटमागचा वूफर

१६ एप्रिल २००६

वूफर मिळाला! जुन्नरच्या भंगारवाल्याकडं, फुटलेल्या होम थिएटरच्या ढिगात खाली दबला होता. आठ इंची, जाड आवाजाचा स्पीकर. कोनाचा कागद एका बाजूला जरा उसवलाय, पण बोटांनी दाबला तर सरळ आत जातो, कुठं घासत नाही. म्हणजे आत जीव आहे. भंगारवाला म्हणाला, "न्या राव, मला काय त्याचं लोणचं घालायचंय?" किलोच्या भावानं दिला.

शेजारच्या सीटवर ठेवून आणला, पावण्यासारखा. कल्याणीनं बघितला, काही बोलली नाही. बायको गप्प बसली की मला बरोबर कळतं तिला काय म्हणायचंय ते.

१८ एप्रिल

नारायणगावला टोमॅटो खाली करून आलो आणि माप घेतलं. आमचा छोटा हत्ती, म्हणजे मालाचा बारका टेम्पो. आत दोन सीटा आणि पुढं काच, बस. सीटखाली इंजिन, तिथं काही घालायची सोय नाही. सीटची पाठ आणि मागचा पत्रा यांच्यामधे वर चार बोटं जागा, खाली जेमतेम वीतभर. ओतूरच्या कुंडलिकला विचारलं. तो गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो, शाळेत माझ्या पुढं एक वर्ष होता. म्हणाला, "चौकोनी पेटी इसर. पाचरीसारखी कर. वर निमुळती, खाली जाड." अ‍ॅम्प्लिफायर त्याच्याकडंच आहे, ठोकलेल्या एका गाडीतून काढलेला. त्याच्या बदल्यात त्याच्या साडूच्या विटा वाहून द्यायच्या ठरल्या.

जेवताना कल्याणी म्हणाली, "हर्षालीला एकदा दाखवून आणू. अडीच वर्षांची झाली, तोंडातून एक शब्द न्हाई."

आई म्हणाली, "रुपेशबी उशिरानंच बोलला. आता थांबतो का बघ."

मी हसलो. कल्याणी हसली नाही. म्हणाली, "हाक मारली तरी वळत न्हाई ती."

मी म्हटलं, गाडी फाट्यावरून आत वळली की ओट्यावरची उठून पळत येते, ती काय ऐकू आल्याशिवाय? हट्टी आहे, दुसरं काही नाही.

विषय तिथंच संपला. म्हणजे मी संपवला.

२३ एप्रिल

आज खेप नव्हती. सोपान सुताराच्या पडवीत प्लायवूडचे तुकडे पडून होते, त्यातून पाचर कापली. सोपान नुसता बघत होता. शेवटी न राहवून त्यानं करवत माझ्या हातातून काढून घेतली. "माप एक घेतो, कापतो भलतंच. सरक तिकडं." त्याच्या हातानं सांधे सुईसारखे बसले. फटींत फेविकॉल आणि भुसा कालवून भरला. पेटीतून हवा कुठूनही निघता कामा नये, नाहीतर आवाज फुसका येतो, असं कुंडलिकनं बजावलंय.

आत भरायला कापूस लागतो. ट्रंकेमागं जुनी उशी होती, ती फाडली. मग कळलं, ती जुनी नव्हती, कल्याणीची होती.

२४ एप्रिल

कल्याणी बोलत नाही. आज साडी गुंडाळून उशाला घेतली.

२७ एप्रिल

वायरिंगला अख्खा दिवस गेला. बॅटरीवरून जाड वायर सरळ आत आणली, बॅटरीजवळच फ्यूज टाकला. अर्थिंगसाठी पत्र्याचा रंग खरवडून बोल्ट मारला. माझा जीव वरखाली, नव्या गाडीचा रंग! पेटी सीटमागं सरकवली तर बसेना. सीट दोन खाचा पुढं घेतली तेव्हा बसली. आता माझा गुडघा स्टिअरिंगला टेकतो. टेकू दे.

गाडी सुरू केली आणि गाण्याच्या मागं सूंऽऽऽ असा आवाज. अ‍ॅक्सिलेटर दाबला की सूं वाढतो. मला वाटलं, संपलं सगळं. कुंडलिक खाली वाकून वायरी बघत बसला. मग म्हणाला, "चूक माझी हाय. गाण्याची वायर अन् बॅटरीची वायर एकाच बाजूनं आणली मी. सगळं उचकायला लागंल." उचकलं. एक वायर डावीकडून घेतली, एक उजवीकडून. सूं बंद.

त्यानं अ‍ॅम्प्लिफायरला वेगळा खटका पण बसवून दिला. गाडी बाजारात रांगेत उभी असली की वूफर बंद ठेवायचा आणि नुसत्या दाराच्या स्पीकरवर ऐकायचं, म्हणजे बॅटरी उतरत नाही.

३० एप्रिल

नारायणगावच्या रांगेत आज माझ्या गाडीभोवती सहा-सात ड्रायव्हर. ढोलकीचं गाणं लावलं. थाप पडली की पाठीत गुदगुल्या! हेडलाइट लावले असले तर थापेबरोबर मंद होतात, ते बघून सगळे हसले. भिका ड्रायव्हर म्हणाला, "एवढ्याशा डब्यात एवढा आवाज? कितीला बसला?" मी सांगितलं, एक उशी आणि बायकोचा अबोला.

बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. हप्ते आहेत, डिझेल आहे, चारला उठणं आहे. पण त्या डब्यात बसलं की माझं स्वतःचं काहीतरी आहे असं वाटतं.

३ मे

संध्याकाळी हर्षालीला पहिल्यांदा गाडीत घेऊन बसलो. कल्याणी नको म्हणत होती, कान दुखतील पोरीचे. मी आवाज बेताचा ठेवला. हर्षाली सीटवर उभी राहिली, तोंड मागं करून, आणि दोन्ही तळवे पेटीवर ठेवले. थाप पडली आणि तिचं तोंड असं काही झालं की मला लिहिता येत नाही. अशी हसली, मग गाल लावला पेटीला. डोळे मिटून घेतले.

मी खटका बंद केला. दाराचे स्पीकर चालूच होते, गाणं चालूच होतं. तिनं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि पेटीवर चापट्या मारायला लागली. खटका चालू केला, हसली. बंद केला, चापट्या. आम्ही दोघं किती वेळ तेच करत होतो. मी आईला हाक मारून सांगितलं, "आये, नात माझ्यावर गेली. हिला वूफरशिवाय गाणं चालत न्हाई."

आई खूश. कल्याणी ओट्याच्या खांबाला टेकून उभी होती. तिची नजर खटक्यावरच्या माझ्या बोटावर होती.

४ मे

दुपारी घरी आलो. काल कल्याणीनं जे बघितलं ते मला आज सकाळी गाडी चालवताना दिसलं. खिंडीच्या चढावर. गाडी बाजूला घेऊन थांबावं लागलं.

घरी आल्यावर हर्षालीला सीटवर बसवलं, हातात बिस्कीट दिलं. वूफरचा खटका बंद. दाराचे स्पीकर हळूहळू वाढवत नेले. शेवटपर्यंत. काच थरथरायला लागली. शेजारची म्हैस उठून उभी राहिली. आई कानावर हात ठेवून बाहेर आली आणि ओरडली, "येडा झालास काय?"

हर्षाली बिस्कीट खात होती. तिच्या डोक्यापासून स्पीकर हातभर लांब. तिनं मान पण वळवली नाही.

मग आवाज एकदम कमी केला आणि वूफरचा खटका चालू केला. बिस्कीट तसंच हातात ठेवून ती मागं वळली आणि पेटीवर तळवा ठेवला.

गाडी फाट्यावरून वळली की ओट्यावर बसलेल्या पोरीला कळतं ते जमिनीतून. पायातून. माझी पोर मला पायांनी ऐकत होती.

५ मे

काल सांगता आलं नाही. आज विहिरीवर कल्याणी एकटी होती तेव्हा सांगितलं. मला वाटलं चिडेल, निदान "मी सांगत व्हते" एवढं तरी म्हणेल. तिनं घागर खाली ठेवली आणि काठावर बसून रडली. मी शेजारी बसलो. मग तोंड धुतलं आणि म्हणाली, "उद्या खेप घेऊ नका."

६ मे

नारायणगावच्या कानाच्या डॉक्टरांनी कान बघितले. आत काही दोष दिसत नाही म्हणाले. पुण्याला पाठवतो, तिथं मशीनवर तपासणी होते, तोवर अंदाज नको. पण चिठ्ठी लिहिताना त्यांनी हर्षालीच्या डोक्यावरून दोनदा हात फिरवला, तेव्हाच मला कळलं.

२२ मे

पुणे. हर्षालीला झोपेचं औषध पाजलं. झोपल्यावर कपाळाला आणि कानांमागं वायरी चिकटवल्या. मला एवढ्या वायरी कळतात, पण ह्या कुठून कुठं जातात ते कळेना. पोर इतकी छोटी दिसत होती त्या खाटेवर. कल्याणीनं तिचा अंगठा धरून ठेवला होता.

दोन्ही कान. खूप मोठा, जाड आवाज थोडासा पोचतो. बोलणं पोचत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "नवरा-बायको नात्यातले का?" मी म्हटलं, मामाची मुलगी केली. ते म्हणाले, "ते कारण असू शकतं, नसूही शकतं. खात्रीनं कुणी सांगू शकणार नाही. आणि तुम्ही म्हणालात तशी ती हट्टी नाही बरं का, हुशार आहे. ऐकू येत नसताना एवढं सगळं समजून घेते."

येताना हर्षाली औषधानं झोपलेलीच होती. मंचरला उठली आणि पेटीवर चापट्या मारायला लागली. कल्याणीनं स्वतः खटका चालू केला.

२८ मे

घोडेगावहून मामा आले. चांगदेव मामा म्हणजे कल्याणीचे वडील, माझ्या आईचा सख्खा भाऊ. पावणं म्हणून आले आणि ओट्यावर बसल्या बसल्या भांडण सुरू झालं.

मामा म्हणाले, "आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी बहिरं न्हाई."

आई म्हणाली, "मंग आमच्यात हाय व्हय? तू अन् मी येकाच आईचे न्हाई का?"

आणि ती एकदम रडायला लागली. "मीच हट्ट धरला व्हता. भावाचीच पोर पायजे म्हणून. डॉक्टरनं इचारलं नात्यातलं का, ते माझ्यावरच आलं." सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

कल्याणी आतून ताट घेऊन आली. आईपुढं ठेवलं. म्हणाली, "आत्या, दुसऱ्या कुणाच्या घरी मला दिली असती, अन् तिथं अशीच पोर झाली असती, तर त्यांनी मला माहेरी आणून सोडलं असतं. तुमी सोडलं का? खावा." मग वडलांकडं वळली. "दादा, तुमी पण हात धुवा. दोष वाटून घ्यायला आलाय का नातीला भेटायला?"

दोघं भावंडं एका ताटात जेवली. मी गाडी पुसायला निघून गेलो. पुसलेलीच होती.

१९ जून

ऐकायचं मशीन आलं. दोन्ही कानांना. साचे तिच्या कानांच्या मापाचे, गुलाबी. पुण्याला मशीन बसवणाऱ्या बाईंनी ते बसवले आणि मशीन चालू केलं. मला वाटत होतं आता वळेल, हसेल. ती किंचाळली. दोन्ही हातांनी ओढून काढलं आणि भिंतीवर फेकलं.

बाई म्हणाल्या, "घाबरू नका. अडीच वर्षं शांतता होती, एकदम बाजार भरला तर कुणीही घाबरेल. रोज थोडा वेळ. आधी तिला आवडेल असा आवाज द्या. काय आवडतं तिला?"

कल्याणी म्हणाली, "ह्यांच्या गाडीतला वूफर."

मला लाज वाटली. पण बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "उत्तम. त्याच्यावरच सुरू करा. आवाज मोठा मात्र नको. हात पेटीवर, मशीन कानात. वाजलं की दाखवायचं वाजलं, थांबलं की दाखवायचं थांबलं. नंतर हळूहळू हात काढायचा."

२० जून

फेकलं.

२१ जून

फेकलं. आज चिखलात. आई टॉर्च घेऊन शोधत होती.

२ जुलै

रोज सकाळी खेपेला निघायच्या आधी गाडी अंगणात उभी असते आणि त्यात कल्याणी आणि हर्षाली. मी बाहेर. दोघींसाठीच जागा आहे त्या डब्यात. कल्याणी खटका दाबते, डोळे मोठे करते, बोट वर. "वाजलं." खटका बंद, हात पसरते. "थांबलं." हर्षाली पेटीवर हात ठेवते, खेळते, पण मशीन लावलं की मान झटकते. कल्याणी काढते, पुन्हा लावते. ओरडत नाही. एवढा धीर हिच्यात कुठून आला? की होताच, आणि मी बघितला नव्हता?

लोक बघतात. शेजारचे गेणभाऊ म्हणाले, "रुपेश, बायकोला लई नाद लागला की रे गाण्याचा." मी खरं सांगितलं त्यांना, पोरीला ऐकू येत नाही, ती शिकतीय. आधी सांगायची लाज वाटायची. आज सांगितलं आणि जीभ झडली नाही. नंतर गेणभाऊंनी बाकीच्यांनाही सांगितलं असावं, कारण आता सकाळी आमच्या अंगणावरून जाताना कुणी हॉर्न मारत नाही.

११ जुलै

कुंडलिक घरी आला, न बोलावता. सायकलच्या पिशवीत सामान. म्हणाला, "खटका डॅशबोर्डाच्या खाली हाय, पोरीचा हात पोचत न्हाई." त्यानं मधल्या जागेत दुसरा खटका बसवला, लाल बटणाचा. हर्षाली त्याच्या मांडीवर बसून बघत होती. बसवून झाल्यावर त्यानं तिचं बोट धरलं आणि बटणावर ठेवलं. गाणं वाजलं. तिनं बंद केलं. पुन्हा चालू. कुंडलिकच्या तोंडाकडं बघून तिनं कल्याणीसारखे डोळे मोठे केले आणि बोट वर.

चहा घेताना कुंडलिक म्हणाला, "माझी धाकटी बहीण बोलायची न्हाई. आमी तिला येडीच समजलो. दहा वर्षांची व्हती तवा गेली." अ‍ॅम्प्लिफायरच्या बदल्यातल्या विटांच्या खेपांचं मी विचारलं, तर पायात चप्पल घालून निघालासुद्धा.

३० जुलै

मशीन लावून पहिल्यांदाच न काढता बसली. किती वेळ ते बघितलं नाही, घड्याळ बघायची भीती वाटली.

२० ऑगस्ट

सकाळी मी दाढी करत होतो. पायजम्याला ओढ बसली. हर्षाली. एका हातात मशीनची डबी, उघडलेली. मला वाटलं फेकणार. तिनं डबी माझ्याकडं दिली, केस मागं केले आणि कान पुढं केला.

तोंडाला साबण तसाच. लावलं मी. बोटं साबणानं निसरडी म्हणून साचा नीट बसेना, मशीनमधून शिट्टी वाजायला लागली. तिनंच दाबून बसवला.

मग मागून, तिला दिसणार नाही असं, कल्याणीनं हाक मारली. नेहमीच्याच आवाजात, भाकरी थापताना मारते तशी. हर्षाली थांबली. कुठून आलं ते तिला कळेना. आधी माझ्याकडं बघितलं, मग छपराकडं, मग मागं.

कल्याणीच्या हाताला पीठ होतं. तशीच बसली खाली.

३ सप्टेंबर

आता मला गाडीत गाणं लावायची पंचाईत. लावलं की शेजारी बसलेली ही एवढीशी बाई "वाजलं" म्हणून बोट वर करते. शब्द नाही निघत, नुसतं "वाऽऽ". आईच्या मते तो शब्दच आहे. गावभर सांगून आली.

१२ नोव्हेंबर

कल्याणीला दिवस गेलेत. तिनं सांगितलं तेव्हा आम्ही घोडेगावच्या स्टँडवर गाडीत बसलो होतो, मामांची वाट बघत. डॉक्टरांचं ते नात्याचं बोलणं डोक्यात घुमायला लागलं. तिला कळलं असणार, कारण तिनं माझ्या तोंडाकडं न बघताच उत्तर दिलं.

"जन्मल्या जन्मल्या कान तपासून घ्यायचे. ऐकू आलं तर आलं. न्हाई आलं, तर ही हाय की शिकवायला."

आमच्या दोघांच्या मधे हर्षाली झोपली होती, तोंड उघडं टाकून.